फुटबॉलचा सुवर्णकाळ कोणत्या मापाने मोजायचा?

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर मेस्सीच्या अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर अकराच दिवसांनी पेले गेले. या दोन घटना इतक्या लागोपाठ घडल्या की ‘पेले मोठा की मेस्सी’ हा वाद पेटणे अटळ होते. तो पेटला आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या सुमारास पुन्हा पेटत राहिला. पुण्यात फुटबॉल पाहणाऱ्यांची संख्या कमी नाही. कॅम्प आणि खडकीत हा खेळ लष्करी छावणीच्या काळापासून रुजलेला आहे, आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत शनिवार-रविवारच्या रात्री इंग्लंड-स्पेनमधले सामने जागून पाहणारी मुले शेकड्यांनी सापडतील. या दोन पिढ्या वाद घालतात तेव्हा एक बाजू म्हणते की आजचा फुटबॉल ही यंत्रांची कवायत झाली आहे, त्यात कला उरलेली नाही. दुसरी बाजू म्हणते की पेले आजच्या काळात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्येसुद्धा टिकला नसता. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अकरा जणांनी मिळून खेळायचा खेळ म्हणून पाहिले, तर आज वरच्या पातळीवर खेळला जाणारा फुटबॉल आधीच्या कोणत्याही काळातल्या फुटबॉलपेक्षा सरस आहे. वेग, अचूकता, मैदानावरच्या जागेचा वापर, सहकाऱ्याच्या हालचालीची जाण, यांपैकी कोणतीही कसोटी लावा. परंतु एवढ्यावरून आजचा खेळाडू कालच्या खेळाडूपेक्षा मोठा ठरत नाही. खेळाची पातळी साठत जाते, कारण प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीचे शोध आयते मिळतात. खेळाडूचे मोठेपण मात्र त्याच्या काळाने त्याच्यापुढे कोणत्या अडचणी ठेवल्या आणि त्या त्याने इतरांच्या मानाने किती पार केल्या, यावर ठरते. म्हातारे आणि तरुण दोघेही एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवतात, आणि म्हणून हा वाद वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.

पुणेकरांना हा फरक क्रिकेटच्या बाबतीत नीट कळतो. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांच्या बरोबरीला नऊ धावा उरल्या असताना काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामनाच सोडून दिला. काठियावाडची गोलंदाजी त्या वेळच्या ऑस्ट्रेलियाच्या तोडीची होती, असे कोणी म्हणत नाही. आणि आजच्या तेज गोलंदाजांपुढे निंबाळकरांचे काय झाले असते, अशी शंका काढून ती खेळी कोणी पुसूनही टाकत नाही. आपण विचारतो ते इतकेच, की त्याच काळात, तशाच खेळपट्ट्यांवर, तशाच गोलंदाजीपुढे बाकीच्या फलंदाजांनी काय केले? फुटबॉलचा विषय निघाला की हे तारतम्य कुठे जाते?

जुन्या काळाच्या बाजूने बोलणाऱ्यांची पहिली अडचण पुराव्याची आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रेक्षकांना १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहायला मिळाला. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्यांच्या वाट्याला जागतिक फुटबॉल आला तो चार वर्षांतून एक महिना, जगातल्या निवडक संघांचा. आज तोच प्रेक्षक इंग्लंडच्या लीगमधल्या पंधराव्या आणि सतराव्या क्रमांकांच्या संघांचा पावसाळी सोमवारचा सामना पाहतो आणि त्याची तुलना आठवणीतल्या मॅराडोनाशी करतो. एका काळाचे शिखर आणि दुसऱ्या काळाची सरासरी शेजारी ठेवली, तर शिखर उंच दिसणारच. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे आपल्यापर्यंत तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतून पोहोचले. त्या तबकड्यांवरून त्या काळी प्रत्येक मैफल तशीच रंगत असे, असा निष्कर्ष गाण्यातला कोणताही जाणकार काढणार नाही. फुटबॉलमध्ये मात्र निवडक गोलांच्या फितीवरून अख्ख्या दशकाचा निवाडा बिनदिक्कत केला जातो.

त्या फितींत काय नसते, हे पाहायचे असेल तर १९९० च्या विश्वचषकाकडे पाहावे. त्या स्पर्धेतून आपल्याला इटलीच्या स्किलाचीचे विस्फारलेले डोळे आणि कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ नाचणारा कॅमेरूनचा रॉजर मिला आठवतो. प्रत्यक्षात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले. सामन्यामागे सरासरी २.२१, म्हणजे विश्वचषकाच्या इतिहासातली सर्वांत कमी. आयर्लंड आणि इजिप्त यांच्या गोलशून्य सामन्यात चेंडू पुन्हा पुन्हा गोलरक्षकाकडे परत जात होता आणि गोलरक्षक तो हातात घेऊन वेळ काढत होता. नियमात ते बसत होते. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले आणि एका पेनल्टीवर पश्चिम जर्मनी जिंकला. खेळाचा हा प्रकार इतका असह्य झाला की १९९२ मध्ये नियम बदलून, सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास मनाई करावी लागली. त्याआधी १९८२ मध्ये गिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही पुढच्या फेरीत नेणाऱ्या १-० या सोयीच्या निकालावर उरलेला सामना नुसता फिरवत ठेवला होता आणि अल्जीरिया बाहेर गेला. गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत त्यातून आली. हादेखील त्याच ‘सुवर्णकाळा’चा भाग आहे, आणि तो हिशेबात धरायला हवा.

याउलट १९७० चा ब्राझील-इटली अंतिम सामना मी प्रत्येकाला पूर्ण पाहायला सांगेन, कारण त्यात दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे. ब्राझीलचा चौथा गोल सगळ्यांना पाठ असतो. क्लोदोआल्दो आपल्याच अर्ध्या भागात एकामागून एक चार इटालियन खेळाडूंना चकवतो, चेंडू रिव्हेलिनोकडून डाव्या बाजूला जाईर्झिन्योकडे, तिथून मध्यावर पेलेकडे येतो. पेले जवळजवळ उभ्यानेच तो उजवीकडे अलगद सरकवतो, आणि मागून धावत आलेला कार्लोस अल्बेर्तो तो जाळ्यात मारतो. आता हाच गोल गोल म्हणून न पाहता मैदान म्हणून पाहा. जाईर्झिन्यो उजव्या बगलेचा खेळाडू. मग तो डावीकडे काय करत होता? इटलीचा संघ माणसामागे माणूस लावून बचाव करत असे, आणि जाईर्झिन्योवर नेमलेला फाकेत्ती त्याच्या मागे ओढला गेला की उजवी बाजू मोकळी पडणार, हे ब्राझीलने आधीच हेरले होते. म्हणजे ज्या गोलाला आपण उत्स्फूर्त कलेचे शिखर समजतो, त्याच्यामागे आखणी होती. ‘पूर्वी खेळाडू मनमोकळे खेळत, आता प्रशिक्षक त्यांना बाहुल्यांसारखे हलवतो’ हे म्हणणे त्या काळच्या सर्वोत्तम संघालाच लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट तितकीच ठळक दिसते. पेलेच्या पायाशी चेंडू आल्यावर त्याच्या अंगावर तात्काळ कोणी धावून येत नाही. इटलीचा संघ चार दिवसांपूर्वी पश्चिम जर्मनीशी जादा वेळेपर्यंत झुंजून ४-३ असा जिंकला होता, आणि मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंच आहे; त्यामुळे खेळाडू दमलेले होते हे खरेच. तरीही सामना पहिल्या मिनिटापासून पाहिला तर मधल्या फळीत चेंडू घेऊन मान वर करण्याइतका वेळ दोन्ही संघांना मिळताना दिसतो. आजच्या फुटबॉलमध्ये हा वेळ जवळपास संपला आहे. चेंडू गमावताच तो परत मिळवण्यासाठी दोघे-तिघे एकदम तुटून पडतात आणि बाकीचे त्यांच्या मागच्या जागा बंद करतात. या दडपणाखाली चेंडू पहिल्या स्पर्शात आटोक्यात आणून दुसऱ्या स्पर्शात योग्य जागी देणे हे आज बचावपटूलाच नव्हे, तर गोलरक्षकालाही यावे लागते. पन्नास वर्षांपूर्वी हे कौशल्य प्रत्येक संघातल्या दोघा-तिघांकडे असे. मग कौशल्य कमी झाले असे कसे म्हणता येईल?

जुन्या पिढीचा सर्वांत बळकट मुद्दा संरक्षणाचा आहे, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. १९६६ च्या विश्वचषकात बल्गेरिया आणि पोर्तुगाल यांच्या बचावपटूंनी पेलेला अक्षरशः लाथाडले. बदली खेळाडूची सोय नसल्यामुळे पोर्तुगालविरुद्ध तो लंगडत मैदानावर राहिला आणि ब्राझील पहिल्याच फेरीत बाहेर गेला. पिवळी-लाल कार्डे विश्वचषकात आली ती १९७० मध्ये. १९८३ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओ क्लबच्या गोइकोएचेआने मागून घसरत येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला. घोट्याच्या दुखण्याने नेदरलँड्सच्या व्हान बास्टनसारखा आघाडीवीर अठ्ठाविसाव्या वर्षी शेवटचा सामना खेळला. असल्या पंचगिरीत, चिखलाच्या मैदानांवर, पाणी पिऊन जड होणाऱ्या चेंडूने ज्यांनी गोल केले, त्यांच्या कर्तृत्वाला आजच्या गालिच्यासारख्या हिरवळीवरचे आकडे लावणे हा अन्यायच आहे. पण या मुद्द्यातून सिद्ध काय होते? पेले आणि मॅराडोना आपल्याला वाटतात त्याहूनही मोठे होते, हे सिद्ध होते. ज्या खेळात सर्वोत्तम खेळाडूला लाथा घालून बाहेर काढणे हा डावपेचाचा मान्य भाग होता, तो खेळ आजच्यापेक्षा चांगला होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. उलट सिद्ध होते ते विरुद्धच.

यांत्रिकपणाची तक्रारही नवी नाही. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडच्या खेळाडूंची रीत अशी, की चेंडू मिळाला की तो पायात खेळवत, समोरच्याला चकवत, जमेल तितके पुढे जायचे. स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांना देत खेळले. अंगाने थोराड असलेल्या इंग्रजांना त्यांनी ०-० असे रोखले, आणि पुढच्या काही वर्षांत ही देवाणघेवाणच खेळाची मुख्य रीत झाली. म्हणजे पास देणे हीच एके काळी एकट्याच्या कलेवर सांघिक शिस्तीने केलेली कुरघोडी होती. १९२५ मध्ये ऑफसाइडच्या नियमात, म्हणजे पास मिळताना आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी किती असावेत याबाबत, तीनऐवजी दोन खेळाडूंची अट आली तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतले गोल एका मोसमात ११९२ वरून १७०३ वर गेले, आणि त्यांना आवर घालण्यासाठी बचावाची नवी मांडणी जन्माला आली. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले ते पुश्कासच्या डाव्या पायाइतकेच मधला आघाडीवीर हिदेगकुटीला मागे खेळवण्याच्या योजनेमुळे. प्रत्येक वेळी योजना पुढे गेली, प्रत्येक वेळी ‘आता एकट्या खेळाडूची कला संपली’ असे वाटायला जागा होती, आणि प्रत्येक वेळी त्या योजनेला भेदणारा कोणीतरी आला. ज्याला अतिशिस्तीचा म्हणून नावे ठेवली जातात, त्याच बार्सिलोनाच्या पद्धतीत वाढलेल्या मेस्सीने २०१२ या एका वर्षात ९१ गोल केले. त्याच क्लबच्या अकादमीतला लामिन यमाल सोळाव्या वर्षी युरो २०२४ च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या बचावासमोर चेंडू डाव्या पायावर घेतो आणि लांबवरून खांबाला घासून आत घालतो. याला कवायत म्हणायचे असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीकडे या वादात क्वचितच लक्ष जाते: पूर्वी खेळू कोण शकत होते? १९६६ च्या विश्वचषकावर आफ्रिकेने बहिष्कार टाकला, कारण सोळा संघांत अख्ख्या खंडाला एकही हक्काची जागा नव्हती. २०२२ मध्ये मोरोक्को उपांत्य फेरीत पोहोचला. १९२० च्या नाताळात गुडिसन पार्कवर डिक, कर या महिला संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार माणसे लोटली होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी केली आणि ती जवळपास अर्धशतक टिकली. निम्म्या मानवजातीला आणि एका सबंध खंडाला दाराबाहेर ठेवून झालेल्या स्पर्धेला सर्वोच्च दर्जाची स्पर्धा म्हणताना थोडे थबकायला हवे.

पैशाचा मुद्दा मात्र मी खोडून काढणार नाही, कारण तो खोडता येत नाही. १९८६ मध्ये बुखारेस्टचा स्टेआउआ आणि १९९१ मध्ये बेलग्रेडचा रेड स्टार युरोपचे विजेते झाले. १९६७ मध्ये सेल्टिकने ग्लासगोच्या पंचक्रोशीत जन्मलेल्या खेळाडूंना घेऊन हाच कप जिंकला होता. डिसेंबर १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूंना क्लबच्या जाचातून मोकळे केले हे योग्यच झाले, पण त्यानंतर गुणवत्ता श्रीमंतांच्या घरी गोळा होत गेली. २००४ च्या पोर्तोनंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांच्या लीगबाहेरचा एकही क्लब याच युरोपीय स्पर्धेच्या, म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगच्या, अंतिम सामन्यातही पोहोचलेला नाही. त्यात विश्वचषक ४८ संघांचा आणि १०४ सामन्यांचा झाला. तेच ते खेळाडू वर्षभर राबवले जातात आणि दुखापतींनी मोडतात. जुन्या पिढीने भांडावे ते यासाठी. पेलेची आठवण काढून मेस्सीला खाली ओढण्याऐवजी त्यांनी विचारावे, की बेलग्रेडच्या मुलाला आपल्या गावच्या संघातून युरोप जिंकण्याची आशा आज का उरली नाही? हा प्रश्न खेळाच्या पातळीचा नाही, खेळाच्या मालकीचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर आहे.

तरुणांच्या बाजूचेही तितकेच परखडपणे तपासले पाहिजे. ‘पेले आज टिकला नसता’ असे म्हणताना १९५८ चा पेले, त्या काळचा आहार, त्या काळचे बूट आणि त्या काळची वैद्यकी यांसह उचलून आजच्या मैदानावर ठेवला जातो, आणि आजच्या खेळाडूला मात्र १९५८ मध्ये कधीच पाठवले जात नाही. त्या सतरा वर्षांच्या मुलाने स्वीडनमध्ये सहा गोल केले, त्यांतले तीन उपांत्य आणि दोन अंतिम सामन्यात. त्याच मैदानांवर, तशाच बुटांत खेळणाऱ्या दुसऱ्या कोणत्या सतरा वर्षांच्या मुलाने ते केले? १९७४ मध्ये डॉर्टमुंडला स्वीडनविरुद्ध खेळताना नेदरलँड्सच्या क्रायफने पास देण्याचा आविर्भाव केला आणि चेंडू आपल्याच उभ्या पायामागून ओढून घेत वळला. त्याच्यावर नेमलेला यान ओल्सन भलत्याच दिशेला गेला. आज बालेवाडी-बाणेरच्या टर्फवर बारा वर्षांची मुलगी तोच हिसका सहज करते. ती क्रायफपेक्षा मोठी झाली का? नाही, पण तिच्या वयाच्या मुलांचा खेळ पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा पुढे गेला हेही तितकेच खरे.

आपल्याकडे हा गोंधळ केवळ गप्पांपुरता राहत नाही. भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणून १९५१ ते १९६२ चा उल्लेख होतो, आणि ‘तेव्हा आपण चांगले खेळत होतो, आता खेळाडूंत जिद्द राहिली नाही’ असे निदान केले जाते. त्या संघांचे कर्तृत्व मी तसूभरही कमी लेखत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळवले. परंतु मेलबर्नला अकराच संघ खेळले, हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पार झाली, आणि व्यावसायिक खेळाडूंना तिथे प्रवेश नव्हता. जकार्तात आठ संघ होते. पुढे दक्षिण कोरियाने १९८३ मध्ये आणि जपानने १९९३ मध्ये व्यावसायिक लीग उभ्या केल्या, आणि आज आशियाई महासंघाचे ४७ सदस्य आहेत. आपला खेळ बिघडला म्हणून आपण मागे पडलो नाही. इतरांनी तीस-चाळीस वर्षे लहान मुलांपासून बांधणी केली आणि आपण केली नाही.

आणि ज्यांच्या हाताखाली तो सुवर्णकाळ घडला, ते सय्यद अब्दुल रहीम हे त्या काळातले सर्वांत आधुनिक विचाराचे प्रशिक्षक होते. त्यांनी हंगेरीची रीत अभ्यासली, मधल्या आघाडीवीराला मागे खेळवले. हैदराबादेत त्यांनी ड्रिब्लिंगला, म्हणजे चेंडू पायात खेळवत पुढे नेण्याला, मनाई असलेल्या स्पर्धा घेतल्या, म्हणजे खेळाडूंना चेंडू लगेच द्यायची सवय लागावी. जकार्ताच्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंगला त्यांनी बचावातून काढून आघाडीला खेळवले आणि त्याने गोल केला. ‘पद्धत नको, कला हवी’ म्हणणारे ज्या संघाचा दाखला देतात, तो संघ अशा पद्धतीतून तयार झाला होता.

पुण्यापुरते बोलायचे तर पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि आज तो संघ नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. कोल्हापुरात पेठांच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरते आणि तिथून अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत जातो; पुण्यात त्याच वयाची मुले तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फवर सात-सात जणांचे सामने खेळतात, कारण अकरा जणांच्या पूर्ण मैदानावर त्यांना जागा मिळत नाही. मोठ्या मैदानावर जागा हेरणे, पन्नास मीटरवरचा सहकारी पाहणे, माणसामागे धावायचे की जागा राखायची हे ठरवणे, या गोष्टी टर्फच्या जाळीत शिकता येत नाहीत. महापालिका, शाळा आणि जिल्हा संघटना यांनी मिळून चौदा वर्षांखालील मुलामुलींना जूनपासून मार्चपर्यंत दर आठवड्याला पूर्ण मैदानावरचा एक सामना कसा मिळेल, यावर या शहरात वाद झाला तर त्यात मी हिरिरीने भाग घेईन.